इमानावर हात

आबांना डोक्यावर काही म्हणजे काही चालत नसे. टोपी नाही, मुंडासं नाही, छत्री तर नाहीच. आषाढात पवनेच्या बाजूला पाऊस आडवा झोडपतो, पाहुणे प्लास्टिकच्या रेनकोटात गुंडाळून कुडकुडत असतात, आणि हा पंचाहत्तरीचा माणूस उघड्या टकलानं पुढे चाललेला. जीपमध्ये बसायचं तर मागच्या फळीवर, पाय बाहेर, मान बाहेर. कुणी घरात जेवायला बोलावलं तर ताट घेऊन अंगणात. मी एकदा कामशेतच्या बाजारातून चांगली जाड कानटोपी आणून दिली. पुढच्या रविवारी तिच्यात अंडी ठेवलेली दिसली.

"आबा, ती तुमच्यासाठी होती."

"कोंबडीला इचारलं म्या. तिला लय आवडली."

झालं. पाहुणे हसून लोळले. त्या दिवसाचे सगळे फोटो आबांचे, कोंबडीचे आणि माझ्या टोपीचे. टोपी कुणी आणली ते कुणी विचारलं नाही.

सरळच लिहिते. मला आबांचा हेवा वाटायचा. वाटायचा काय, अजून वाटतो. माणूस गेला म्हणून हेवा जातोच असं नाही.

मी कामशेतला राहते आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या लोकांना मावळातल्या डोंगरांवर फिरवून आणते. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. जीप सांगून ठेवायच्या, पोहे वेळेवर करून घ्यायचे, पाणी, मलमपट्टी, मीठ-साखर बरोबर घ्यायची, ज्यांच्या शेतातून वाट जाते त्यांची परवानगी काढायची, बायकांच्या सोयीसाठी वाटेतल्या एखाद्या घरी बोलून ठेवायचं, आणि जेवढी माणसं वर नेली तेवढीच उजेडात खाली आणायची. हे सगळं मी करायचे. आबा काय करायचे? पुढे चालायचे आणि पठारावर पोचलं की एक गोष्ट सांगायचे. परत गेल्यावर पाहुणे अभिप्राय लिहायचे: "आबा म्हणजे कमाल माणूस! चहा जरा गार होता."

मी थर्मास बदलले. पुढच्या महिन्यात कुणीतरी लिहिलं, "आबांसाठी पुन्हा येणार." चहाचा उल्लेखच नव्हता.

चालताना आबा सगळ्यांत पुढे, मी सगळ्यांत मागे, गळ्यात शिट्टी घालून. त्या शिट्टीवरून आबांनी मला शिट्टीताई नाव ठेवलं आणि ते चिकटलं. चार-पाच वेळा येऊन गेलेल्या एका बाईंनी मला एकदा फार प्रेमानं विचारलं, "तुमचं खरं नाव काय हो?" आबांचं खरं नावही त्यांना माहीत नव्हतं, पण ते विचारायची गरजच त्यांना वाटली नव्हती. आबा म्हणजे आबा.

त्यांची चालायची शिस्त मात्र मला मान्य होती. एकामागे एक, मध्ये हातभर अंतर, आणि दर वळणाला थांबून ते मागे वळून ओरडायचे, "म्होरचा दिसतोय का?" प्रत्येकानं आपल्या पुढचा माणूस दिसतोय ना ते बघून "व्हय" म्हणायचं. बड्या बड्या कंपन्यांतले साहेब "व्हय, व्हय" करत डोंगर चढायचे. मला त्यांनी हे कधी विचारलं नाही. माझ्या पुढे सगळेच होते.

आता पठाराबद्दल. गावात त्याला इमानाचं पठार म्हणतात. इमान म्हणजे विमान. आमच्याकडच्या जुन्या बोलीत विस्तवाचा इस्तू होतो, विचाराचा इचार होतो, तसं विमानाचं इमान झालं. महायुद्धाच्या काळात या पठारावर दोन लष्करी विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. शिकाऊ विमानं होती, विमान चालवायला शिकणारी माणसं त्यांत होती. चौघं होते, चौघंही गेले. लष्कराच्या गाड्या आल्या, त्यांनी माणसं नेली, पत्रे नेले, चाकं नेली. इंजिनाचा एक तुकडा मात्र कातळाच्या भेगेत असा रुतला होता की बैल लावूनही हलला नाही. तो अजून तिथे आहे. कमरेएवढा उंच, गंजून लाल झालेला, फक्त माथ्यावर हात लागून लागून गुळगुळीत. त्या चौघांची नावं गावात कुणालाच माहीत नाहीत. मी पुण्यात दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. मिळाली नाहीत.

पुढच्या पिढीनं "इमान" हा शब्द आपल्या परीनं ऐकला. इमान म्हणजे इमानदारी. इमानासमोर उभं राहून कोण खोटं बोलेल? असं करत करत त्या इंजिनाच्या तुकड्यावर गाव शपथा घ्यायला लागलं. बांध कोरल्याचा आळ असो नाहीतर कोंबडी चोरल्याचा, "चल इमानावर" म्हटलं की समोरचा विचारात पडतो. चढ असा खडा आहे की निम्मे तंटे वाटेतच मिटतात. पुढे ग्रामपंचायतीनं खाली पाटी लावली, तीही "ईमान पठार" अशी, दीर्घ ई काढून. ती वाचून शहरातले लोक वर येईपर्यंत आपली आपली कथा तयार करतात. एका गृहस्थांनी आबांनाच अर्धा रस्ता समजावलं की इथे शूर मावळ्यांनी स्वराज्याची शपथ घेतली असणार. आबा शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "आसंल. पर मंग त्यास्नी इंजिन कुटलं मिळालं?"

वर पोचल्यावर पाहुणे गवतात बसायचे आणि आबा उभे राहायचे. "म्या गुरं चारत व्हतो," अशी सुरुवात. मग दोन्ही हात पुढे करायचे, तळवे एकमेकांकडे, एक वर, एक खाली, मध्ये वीतभर अंतर.

"दोन इमानं आली बगा तिकडनं, कार्ल्याच्या अंगानं. एक वर, एक खाली. वरच्याला खालचा दिसंना, कारन त्याच्या आन् खालच्याच्या मधी त्याचंच पंख. खालच्याला वरचा दिसंना, कारन डोस्क्यावर त्याचंबी पंख. दोगंबी सरळ चाललेले. दोगांचंबी ध्यान म्होरं. आता चुकी कुनाची, सांगा?"

हे बोलताना तळवे हळूहळू जवळ येत असायचे. बघणारा प्रत्येक जण टाळीची वाट बघायचा. आबा टाळी वाजवत नसत. तळवे नुसते टेकायचे, आवाज न होता, आणि मग ते तसेच जोडलेले हात छातीशी न्यायचे. टक्कर कुठे संपली आणि नमस्कार कुठे सुरू झाला ते कुणालाच कळायचं नाही. गवतात बसलेली माणसं नकळत हात जोडायची. मी मागे उभी राहून दर वेळी ठरवायचे की आज बघायचंच, हे तो माणूस नेमकं करतो कसं. आणि दर वेळी माझेही हात जोडलेले असायचे.

मी घरी करून बघितलं. स्वयंपाकघरात, एक तळवा वर, एक खाली. नवरा पाणी प्यायला आला आणि म्हणाला, "भाकऱ्या थापतेस का? मग पीठ घे की."

एका रविवारी आबांना ताप होता म्हणून मीच गोष्ट सांगितली. एक वाक्य गाळलं नाही. हातही केले. संपल्यावर क्षणभर शांतता होती, मला वाटलं जमलं. मग पुढच्या ओळीतले एक जण म्हणाले, "मॅडम, जेवण इथेच आहे की खाली?"

आकाशात काहीही दोन दिसलं की आबांचा जीव थाऱ्यावर नसे. कामशेतच्या डोंगरांवरून लोक त्या रंगीत कापडी छत्र्यांना लटकून तरंगत असतात. दोघं जरा जवळ आले की आबा खालून, भातखाचरातून, हात हलवत धावत सुटायचे. "ए लाल! आरं खाली बग! खाली हिरवा हाय!" वरच्यांना काही ऐकू जाण्याची शक्यता नव्हती. पाहुणे मोबाइल काढून हे टिपायचे आणि हसायचे. आबा हसायचे नाहीत. लाल आणि हिरवा लांब झाले की ते बांधावर बसून घाम पुसायचे.

हेवा करणाऱ्याचं लक्ष फार बारीक असतं. पाहुण्यांच्या जे ध्यानात आलं नाही ते माझ्या आलं होतं. गोष्ट संपली की सगळे उठून इंजिनाच्या तुकड्यावर हात ठेवायचे. नवराबायको एकमेकांना गमतीत प्रश्न विचारायचे, "आता सांग, माझी आमटी खरंच आवडते?" आबा मात्र काठीला रेलून लांब उभे. इतक्या वर्षांत त्यांनी त्या लोखंडाला कधी बोटही लावलं नाही. कुणी म्हणालं, "आबा, तुम्हीपण ठेवा की हात," तर ते म्हणायचे, "आमी काय पावनं हाय व्हय?" आणि उतरायला लागायचे.

का, ते मला वराळ्याला कळलं.

नवा इंद्रायणी तांदूळ निघाला की आबा बहिणीला पाठवायचे. त्या वर्षी मला तळेगावला काम होतं, म्हणून पिशवी माझ्याकडे दिली. "येवढं वराळ्याला अक्काकडं टाका, ताई." आबांची ही थोरली बहीण नातवाकडे राहायची, नव्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर. मी तिला मावशी म्हटलं. ऐंशी ओलांडलेली, दात गेलेले, पण डोळे लखलखीत. तांदूळ मुठीत घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "डोस्कं उगडंच आसंल आजून त्याचं."

"हो. आणि विमानाची गोष्ट सांगतात पाहुण्यांना. फार आवडते सगळ्यांना."

"कंची गोष्ट?"

"तीच. गुरं चारताना त्यांनी पाहिलं ती."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं ठसका लागला. हसत होत्या.

"त्यानं? आगं, गुरं म्या चारत व्हते! ह्यो चार वर्सांचा. आई खळ्यावर मळणीला. माज्याकडं गुरंबी आन् ह्योबी. लय पळायचा. मंग घातला डालग्याखाली कोंबडीसंगं, आन् वर ठिवला धोंडा. इमानं पडली तवा ह्यो डालग्याखाली. त्यानं काय बगितलं? कोंबडीचं बूड?"

डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी पाटी. मीही हसले. खूप हसले. बऱ्याच दिवसांनी एवढं मनापासून हसले.

"मग तुम्ही कधी सांगितलं नाहीत कुणाला?"

"मला कोन इचारतंय? मी सासरी गेले, गोष्ट म्हायेरी ऱ्हायली."

परत येताना मी स्कूटरवर गाणं म्हणत होते.

माझ्या मनात काय होतं ते झाकण्यात अर्थ नाही. मला आबा एकदा तोंडघशी पडलेले बघायचे होते. सगळ्यांसमोर, इमानासमोर. मी काही बोलणार नव्हते. ज्यानं पाहिलं ते माणूस वर आणून बसवलं की ज्यानं पाहिलं नाही त्याचं पितळ आपोआप उघडं पडेल. कामाला लागले. मोबाइल टॉवरसाठी केलेला कच्चा रस्ता पठारापर्यंत जातो, त्या वाटेनं जीप नेण्याची परवानगी काढली. पुढची सीट मऊ असलेली जीप ठरवली. घडीची खुर्ची घेतली, गरम पाणी घेतलं, माझी लोकरीची शाल घेतली. मावशींच्या नातवानं विचारलं, "आजीला एवढं कशाला?" मी म्हटलं, "त्यांचा मान आहे तो." आबांना एवढंच सांगितलं की या रविवारी एक खास पाहुण्या आहेत.

मार्गशीर्ष होता. गवत वाळून पिवळं झालेलं, आकाश लख्ख. आम्ही पायवाटेनं वर पोचलो, पाहुणे बसले, आबांनी काठी टेकवली, आणि तेवढ्यात टॉवरच्या बाजूनं जीप आली. मी खुर्ची उघडून इंजिनाच्या तुकड्याशेजारी ठेवली. मावशींना धरून आणलं.

आबा बघत राहिले. "अक्का?"

"व्हय. का, वळखलं न्हाईस?"

"लय वर्सं लावलीस चढायला."

"तूच बसला व्हतास वाट आडवून."

पाहुण्यांना हे आवडलं. मी पुढे झाले आणि म्हटलं, "आज आपल्यात एक मावशी आल्या आहेत. त्या दिवशी पठारावर गुरं चारताना विमानांची टक्कर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली." "गुरं चारताना" हे दोन शब्द मी जरा सावकाश म्हटले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिट्टीची दोरी नीट केली.

मावशींनी शाल सारखी केली आणि सांगितलं, "दोन इमानं व्हती. टकरली. पडली. लोकं धावली. म्या गुरं हाकून घरी आले."

सगळे वाट बघत होते. मावशींचं संपलं होतं.

"आणि त्यातली माणसं, आजी?" एका तरुण पाहुणीनं विचारलं.

"चार व्हती. मानसं कुटली, पोरं व्हती. एकाला तर मिसरूडबी धड फुटलं नव्हतं."

"तुम्ही जवळून पाहिलंत?"

"व्हय."

"मग? सांगा ना."

"सांगायचं काय त्यात?" मावशी म्हणाल्या. "पोरं मेली."

वाऱ्यानं गवत सरसरत होतं. मी खाली बघितलं. मग त्याच मुलीनं, अगदी सहज, आबांकडे वळून विचारलं, "मग आबा, तुम्ही कुठे होता तेव्हा?"

हाच तो प्रश्न. जीप, खुर्ची, शाल, सगळं या एका प्रश्नासाठी होतं, आणि तो मला विचारावाही लागला नव्हता. आबांनी काठी गवतात ठेवली. चालत इंजिनाच्या तुकड्यापाशी आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, निदान माझ्या देखत पहिल्यांदा, त्यावर उजवा हात ठेवला.

"म्या डालग्याखाली व्हतो," ते म्हणाले. "कोंबडीसंगं."

लोक हसले. आबांनी हसू दिलं.

"एक पांढरी तलंग व्हती. तलंग म्हंजी नव्या अंड्यावरची कोंबडी. डालग्यातनं उजेड बारीक बारीक तुकडं व्हऊन पडायचा, तिच्या अंगावर, माज्या अंगावर. वरनं दोन आवाज आले. एक जाड, एक बारीक. मला वाटलं गांधीलमाशी घुसली. मंग दोनाचा एक आवाज झाला. आन् मंग एकबी न्हाई."

आता कुणी हसत नव्हतं.

"तलंग माज्या पोटात शिरली. मंग पाय दिसाया लागले. डालग्याच्या कडंखालनं निस्ते पाय दिसत्यात. समद्या गावाचे पाय पळत व्हते. कुनाच्या पायांना म्हनू, मला उचला? म्या बोंबललो. पर समदंच बोंबलत व्हते. कुनाला कसं कळावं, ह्यो आवाज येगळा हाय? मंग पायबी गेले. सांज झाली, उजेडाचं तुकडं इझले. मला वाटलं, जग मेलं. म्या आन् कोंबडी ऱ्हायलो."

त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

"मंग हिनं डालगं उचललं. हातात कंदील व्हता. म्या हिच्या तोंडाकडं बगितलं. तिनं जे बगितलं व्हतं ना, त्ये समदं तितं व्हतं. इमानं व्हती, इस्तू व्हता, पोरं व्हती. म्या तितनं बगितलं. तवाधरनं सांगतोय."

मला एवढंच आठवतं की मला राग आला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. जीप माझी, खुर्ची माझी, साक्षीदार मी शोधून आणलेला, आणि हा माणूस डालग्याखालूनसुद्धा माझ्याहून, बहिणीहून, सगळ्यांहून चांगलं पाहून आला होता.

"तवाचं काय डोस्क्यावर नको वाटतं," आबा पुढे म्हणाले. "धोंडा व्हता ना वर. डोस्क्यानं ढकलू ढकलू टाळू सोलली."

"धोंडा न्हवता," मावशी म्हणाल्या.

"व्हता, अक्का."

"न्हवता म्हंते ना! हलकं डालगं त्ये. तुलाच उचलता आलं न्हाई."

आबा अजून गमतीतच होते. पाहुण्यांकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, "मंग ठिव हात इमानावर."

मावशींचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. तो उचलला गेला. लोखंडाच्या दिशेनं थोडा गेला. तिथेच थांबला. मग परत येऊन त्यानं पदराचं टोक घट्ट धरलं. चेहऱ्यावरचं हसू पुसून गेलं होतं. वराळ्याला मला सांगितलं तेव्हा तो धोंडा त्यांच्यासाठी हसण्याची गोष्ट होती. डालग्याच्या आतली बाजू त्यांनी आत्ताच, पहिल्यांदा ऐकली होती.

धोंडा होता. मला माहीत होतं. शब्द माझ्या जिभेवर होता, कारण मला गोष्टी चोख लागतात, आणि खरं सांगायचं तर आबा कुठेच चुकीचे ठरत नव्हते याचाच मला वैताग आला होता, मग निदान त्या तरी ठराव्यात.

आबांनी बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कंदिलाच्या उजेडात पाहिलं असेल तसंच.

सगळे पाहुणे मावशींकडे बघत होते. मी आबांच्या हाताकडे बघत होते, कारण इतकी वर्षं माझा डोळा त्या हातावरच होता. आबांनी तो हात लोखंडावरून उचलला. धोतराला पुसला. पाठीमागे नेला. आणि मग म्हणाले, "न्हाई, न्हवता धोंडा. बारका व्हतो म्या. डालगंच जड वाटलं आसंल."

मावशींनी पदराचं टोक सोडलं. "त्येच म्हंते मी," त्या म्हणाल्या. मग भावाला जवळ ओढलं, अंगावरची शाल काढली आणि त्याच्या टकलावर गच्च गुंडाळली. "मेल्या, आता तरी डोस्क्यावर काय घेत जा."

त्यांनी ती घेतली. शाल डोक्यावर असलेल्या आबांचे सगळ्यांनी फोटो काढले. जीप वळणाआड गेली आणि शाल खाली आली. घडी घालून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

उतरताना ते नेहमीसारखे पुढे गेले नाहीत. मला येऊ दिलं.

"शिट्टीताई, अक्काला आणलंत, लय बरं केलंत."

"पाहुण्यांसाठी आणलं, आबा. त्यांना खरी माहिती मिळावी म्हणून."

"व्हय, व्हय," आबा म्हणाले. "हात ठिवून सांगताय का?"

आणि उत्तराची वाट न बघता रांगेच्या पुढे निघून गेले. पहिल्या वळणावर ओरडले, "म्होरचा दिसतोय का?" सगळ्यांनी व्हय म्हटलं. मी शिट्टी वाजवली.

त्या रविवारचे अभिप्राय काय आले ते सांगायला नको. एकानं मात्र लिहिलं होतं, "खुर्चीची सोय उत्तम." ते माझं.

आबा त्यानंतर दोन पावसाळे चालले. अंगणातल्या बाजेवर, उघड्या आभाळाखाली झोपेतच गेले. मावशी त्यांच्यामागून सहा महिन्यांनी. आता मी पुढे चालते आणि शिट्टी दुसऱ्या एका मुलीच्या गळ्यात असते. चहा गरम असतो. जुने पाहुणे पुन्हा आले की जीपमधून उतरताना माझ्या खांद्यावरून मागे बघतात आणि विचारतात, "आबा?" मी सांगते. त्यांचा चेहरा उतरतो. तो उतरलेला चेहरा घेऊन मला डोंगर चढावा लागतो.

गोष्ट मी डालग्यापासून सांगते. माझे हात अजून भाकरी थापल्यासारखेच होतात, म्हणून मी एक हात खिशात ठेवते आणि एक इमानावर. चौघं पोरं होती इथपर्यंत आलं की लोक गप्प होतात. तेवढं मला जमतं. ते वाक्य माझं नाही, मावशींचं आहे.

पण दर चार-दोन सहलींमागे कुणीतरी हुशार माणूस निघतोच. "बांबूची पाटी ना ती? केवढीशी जड असणार? मुलाला उचलता नाही आली?"

मी लोखंडावरून हात उचलते, कुर्त्याला पुसते, आणि म्हणते, "बारके होते हो आबा."